हॉलमधल्या टीव्हीला घरचा संगणक जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचा संगणक हॉलमधल्या टीव्हीला कायमचा जोडून त्यावर चित्रपट, संगीत, छायाचित्रे आणि घरातली जुनी चित्रणे पाहण्या-ऐकण्याची सोय करू इच्छिणाऱ्या पुण्यातील वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. दोन किंवा तीन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीवर टीव्ही, त्याखाली लाकडी युनिट आणि घरात किमान एक ज्येष्ठ व्यक्ती, असे घर उत्तरे देताना डोळ्यांसमोर ठेवले आहे.

स्मार्ट टीव्ही घरात असताना संगणक जोडण्याची गरजच काय?

फक्त सशुल्क ओटीटी सेवा पाहायच्या असतील, तर गरज नाही. टीव्हीतले ॲप किंवा एखादी स्टिक ते काम संगणकापेक्षा चांगले करते. त्याचे कारण पुढे एका उत्तरात दिले आहे. संगणकाचे काम सुरू होते ते घरच्या स्वतःच्या संग्रहापाशी. मुंजीची आणि लग्नाची चित्रणे सीडीवर, आजोबांनी आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली कॅसेटवर, सहलींचे फोटो जुन्या फोनमध्ये आणि मुलांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर, असे सगळे विखुरलेले असते. टीव्हीच्या यूएसबी पोर्टला तोच पेन ड्राइव्ह लावला, तर काही फाइली उघडतच नाहीत, काहींचे चित्र दिसते पण आवाज येत नाही, आणि फाइलच्या नावापलीकडे कसलीही माहिती पडद्यावर येत नाही. शिवाय टीव्हीचा पडदा वर्षानुवर्षे टिकतो, परंतु त्यातले सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी जुने होते आणि मग ते बदलण्याचा मार्ग ग्राहकाच्या हाती नसतो. संगणक सुधारता येतो, बदलता येतो, आणि त्यावरचा संग्रह पुढच्या संगणकावर जसाच्या तसा नेता येतो. हा संग्रह एका जागी, नीट नावांनिशी आणि घरातल्या प्रत्येकाला रिमोटवरून उघडता येईल असा ठेवणे, यासाठीच ही सगळी खटपट करावी, असे माझे ठाम मत आहे.

घरात पडून असलेला जुना संगणक चालेल का?

बहुतेक वेळा चालतो. मात्र त्यासाठी तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

पहिली गोष्ट प्रोसेसरची पिढी. आजचे बरेचसे व्हिडिओ एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, या पद्धतीने आवळून साठवलेले असतात आणि पाहताना ते उलगडावे लागतात. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून (२०१५) ८ बिट एचईव्हीसी, सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९, तर अकराव्या पिढीपासून एव्ही१ (व्हीपी९ आणि एव्ही१ याही आवळण्याच्याच पद्धती) उलगडण्याची सोय चिपमध्येच दिलेली आहे. ती सोय नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावू लागतो आणि ४के चित्र अडखळते. डीव्हीडी, व्हीसीडी आणि एच.२६४ मधले फुल एचडी व्हिडिओ एवढेच पाहायचे असतील, तर त्याहून जुना संगणकही निभावून नेतो.

दुसरी गोष्ट एचडीएमआय पोर्टची. अनेक जुन्या मदरबोर्डवर एचडीएमआय १.४ असते आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. ६० वेळा जाण्यासाठी एचडीएमआय २.० लागते. अशा संगणकावर डिस्प्लेपोर्ट असेल, तर डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० असा ॲक्टिव्ह ॲडॉप्टर लावून अडचण सुटते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत असा ॲडॉप्टर मागताना ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘फोर के सिक्स्टी’ हे दोन्ही शब्द आवर्जून सांगावेत, कारण दिसायला सारखाच असलेला साधा ॲडॉप्टर ३० वरच थांबतो.

तिसरी गोष्ट वीज. नुसता चालू असताना ६० वॅट खाणारा डेस्कटॉप दिवसरात्र ठेवला, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. १० वॅटच्या मिनी पीसीला तेवढ्याच काळात ७ युनिट पुरतात. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात, त्यामुळे हे जादाचे युनिट नेहमी वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. जुना डेस्कटॉप वापरायचा असेल, तर तो काम नसताना स्लीपमध्ये जाईल अशी व्यवस्था करावी. नवा घ्यायचाच असेल, तर हॉलसाठी मिनी पीसीच योग्य आहे. कंपन्यांनी वापरून काढलेले, नूतनीकरण केलेले छोटे ऑफिस पीसीही या कामाला उत्तम ठरतात. फक्त प्रोसेसरची पिढी पाहूनच पैसे द्यावेत.

संगणक टीव्हीच्या युनिटमध्ये, दाराआड ठेवला तर चालतो का?

मागची बाजू उघडी असेल तरच. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि बंद लाकडी कप्प्यात हवा खेळत नाही. केबल काढण्यासाठी पाडलेले रुपयाएवढे भोक पुरत नाही. मागची फळी काढून टाकावी किंवा सुताराकडून तिला मोठी जाळी बसवून घ्यावी, आणि दिवाळीच्या साफसफाईत संगणकाच्या पंख्यावरची धूळ ब्रशने काढण्याचा नियमच करावा. आवाजाची तक्रार असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, ठेवावी आणि संग्रहाची मोठी हार्ड डिस्क रबरी बुटांवर बसवावी. रात्री जाणवणारी गुणगुण बहुधा डिस्कचीच असते.

रास्पबेरी पाय पुरेसा आहे का?

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे. त्यावर फक्त कोडी, म्हणजे संग्रह टीव्हीवर दाखवणारा प्लेअर, चालवायचा असेल, तर २०१९ चा पाय ४ आणि २०२३ चा पाय ५ हे दोन्ही पुरेसे आहेत. दोघांतही एचईव्हीसी उलगडण्याची सोय आहे. त्याचा मोठा लाभ असा, की एचडीएमआय-सीईसी त्यात मुळातच आहे, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने तो चालतो. मेमरी कार्डावर मात्र विसंबू नये. कार्डे सततच्या लिहिण्याने खराब होतात. यूएसबीला छोटा एसएसडी जोडावा.

विंडोज ठेवावे की लिनक्स?

एके काळी मायक्रोसॉफ्टने याच कामासाठी विंडोज एक्सपी मीडिया सेंटर एडिशन (२००२) काढले होते. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा मीडिया सेंटर बंद झाले. आता विंडोज १० चेही नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक अडचणीत सापडले आहेत. त्यांच्यासाठी लिब्रेएलेक हा उत्तम मार्ग आहे. ही फक्त कोडी चालवण्यापुरती बांधलेली लिनक्सची छोटी आवृत्ती असून बटण दाबल्यावर संगणक थेट कोडीच्या पडद्यावर येतो. मध्ये डेस्कटॉप नाही, अपडेटची पाटी नाही. त्याच संगणकावर ब्राउझर किंवा मुलांचा अभ्यासही हवा असेल, तर उबंटू किंवा लिनक्स मिंटवर कोडी बसवावे.

विंडोजच ठेवायचे ठरले, तर हॉलसाठी वेगळे युजर खाते करावे. घरातल्या कुणाची मेल, बँकेची कागदपत्रे किंवा कार्यालयाच्या चॅटच्या सूचना पाहुण्यांसमोर ५५ इंची पडद्यावर झळकणे योग्य नव्हे.

कोडी, जेलीफिन आणि प्लेक्स यांत फरक काय?

कोडी हा टीव्हीसमोर बसून वापरायचा प्लेअर आहे. तो २००२ मध्ये एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी सुरू झाला, पुढे एक्सबीएमसी नावाने वाढला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी झाले. तो विनामूल्य आहे आणि त्यासोबत कोणताही चित्रपट मिळत नाही; ‘सगळे चित्रपट भरलेला’ म्हणून जो बॉक्स विकला जातो, त्यात कुणीतरी चोरीच्या स्रोतांची ॲड-ऑन (जोड-सॉफ्टवेअर) घातलेली असतात आणि तो घेऊ नये.

जेलीफिन आणि प्लेक्स हे सर्व्हर आहेत, म्हणजे एका संगणकावरचा संग्रह घरातल्या इतर टीव्हींना, फोनना आणि टॅबना पुरवणारे. एकाच टीव्हीपुरता प्रश्न असेल तर कोडी पुरे. बेडरूममध्येही पाहायचे असेल, तर जेलीफिन बसवावे. ते २०१८ च्या अखेरीस एम्बी या तशाच सर्व्हरपासून वेगळे झालेले मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याला वर्गणी नाही. प्लेक्स दिसायला देखणे आहे, परंतु आपलाच संग्रह घराबाहेरून पाहण्यासाठी २०२५ पासून त्याला पैसे मोजावे लागतात.

ओटीटीचे चित्र संगणकावर टीव्हीतल्या ॲपपेक्षा धूसर का दिसते?

दोष संगणकाचा किंवा इंटरनेटचा नसतो. या सेवा चित्राचा दर्जा उपकरणातील चोरीविरोधी कुलपानुसार ठरवतात. टीव्ही आणि मान्यताप्राप्त स्टिकमध्ये ते कुलूप चिपमध्ये असते, तर ब्राउझरमध्ये बहुधा सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून वर्गणी ४के ची भरली तरी ब्राउझरमध्ये बऱ्याच सेवा त्याहून खालचा दर्जा देतात. यावर झगडत बसण्यात अर्थ नाही. ओटीटी टीव्हीच्या ॲपवर आणि स्वतःचा संग्रह संगणकावर, ही वाटणी मान्य केली की बहुतेक कटकटी मिटतात.

केबलचे किंवा डिशचे कार्यक्रम संगणकावर रेकॉर्ड करता येतील का?

साध्या ट्यूनर कार्डाने आता येत नाहीत. केंद्राच्या केबल टीव्ही डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात पुण्याचा समावेश होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तेव्हापासून केबलचा सिग्नल सांकेतिक झाला असून तो सेटटॉप बॉक्सच उलगडतो. सेटटॉप बॉक्सचीच रेकॉर्डिंगची सोय वापरावी, किंवा तो टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला स्वतंत्र ठेवावा.

पडद्याच्या कडा कापल्या जातात, आणि कॅमेरा फिरताना चित्र हिसके देते. काय करावे?

कडा कापणे हा टीव्हीचा जुना खोडसाळपणा आहे. पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘ओरिजिनल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. अक्षरांभोवती रंगांची पुसट झालर दिसत असेल, तर त्या एचडीएमआयला टीव्हीच्या यादीत ‘पीसी’ असे नाव द्यावे. पुष्कळ टीव्ही एवढ्याने सुधारतात.

हिसक्यांचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, आपल्याकडची व्हीसीडी, डीव्हीडी आणि दूरदर्शनच्या काळातली चित्रणे २५ चौकटींची, आणि संगणक मात्र टीव्हीला ठरावीक ६० वेळा चित्र पाठवत राहतो. २४ किंवा २५ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही चौकटी दोनदा तर काही तीनदा दाखवाव्या लागतात, आणि मैदानावरून सरकणाऱ्या कॅमेऱ्यात तो विषमपणा डोळ्यांना खुपतो. कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवला, की व्हिडिओ सुरू होताच टीव्ही २४ किंवा ५० वर जातो आणि हालचाल सलग होते. हा पर्याय दिसत नसेल, तर सेटिंगची पातळी ‘एक्स्पर्ट’ करावी. सुरुवातीला क्षणभर पडदा काळा होतो, ते नैसर्गिक आहे.

संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की शेजारी दार ठोठावतात.

चित्रपटाचा आवाज सहा वाहिन्यांचा असतो आणि संवाद त्यांतल्या मधल्या वाहिनीत असतो. टीव्हीला दोनच स्पीकर असताना संगणक सहा वाहिन्या पाठवत असेल, तर तो मधला आवाज दबतो. कोडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकरची संख्या २.० करावी आणि ‘पासथ्रू’ (आवाज न उलगडता पुढे पाठवणे) बंद ठेवावे. साउंडबार असेल, तर तो टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या, एचडीएमआयलाच जोडावा. ऑप्टिकल केबलमधून न आवळलेला आवाज दोनच वाहिन्यांचा जातो. आणि आवाज मुळीच येत नसेल, तर संगणकाने आउटपुट म्हणून एचडीएमआयऐवजी स्वतःचा हेडफोनचा जॅक धरलेला असतो, हे आधी पाहावे.

लग्नाच्या जुन्या सीडी आणि व्हिडिओ कॅसेट संगणकावर कशा घ्याव्यात?

हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कपाटातल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते, आणि घरी लिहिलेल्या सीडींचा रंगीत थर वर्षांगणिक फिका होत जातो. ज्या सीडीवर फोटोग्राफरने मार्करने ‘भाग १’, ‘भाग २’ लिहिले आहे, ती बहुधा व्हीसीडी असते. संगणकात उघडल्यावर एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात डीएटी जातीची मोठी फाइल असते. व्हीसीडीला कोणतेही कुलूप नसते. ती फाइल नुसती कॉपी केली तरी व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालते. चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचेच असल्याने मोठ्या पडद्यावर ते मऊ दिसणार, हे मान्य करावे. ‘एआयने ४के करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे मूळ फाइल कधीही एकमेव प्रत म्हणून सोपवू नये. त्यात चेहरे गुळगुळीत होऊन वेगळेच दिसू लागतात, आणि आजीचा खरा चेहरा त्या मऊ चित्रातच असतो.

कॉपी करताना मध्येच गाडी अडली, तर सीडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल पुसू नये. तरीही वाचली गेली नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह निमूटपणे वाचतो, हे वारंवार घडते.

डीव्हीडीवर व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर असतो. तो संपूर्ण कॉपी करावा किंवा मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने त्याची एक सलग फाइल करावी. व्हीएचएस कॅसेटसाठी चालू स्थितीतला व्हीसीआर लागतो, आणि नवे व्हीसीआर २०१६ पासून बनत नाहीत. बुरशी धरलेली कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण ती बुरशी हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटवर ओरखडे काढते. ती जाणकाराकडे साफ करून घ्यावी. मिनी डीव्ही कॅसेट फायरवायर केबलने घेतल्यास मूळ दर्जा तसाच राहतो आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

नावे देताना वर्ष आधी लिहावे, जसे ‘१९९८-१२ सुनीताचे लग्न, भाग १’, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मात्र आकडे कुठे देवनागरी आणि कुठे रोमन लिपीतले, अशी सरमिसळ होऊ देऊ नये, नाहीतर क्रम बिघडतो. कोडीत या फोल्डरला माहिती शोधायला सांगू नये. नाहीतर ते घरच्या लग्नाला एखाद्या चित्रपटाचे पोस्टर चिकटवते.

शास्त्रीय संगीताचा संग्रह कोडीत कसा लावावा? सगळे विस्कळीत दिसते.

ही सॉफ्टवेअर गायक, आल्बम आणि गाणे अशा तीन पायऱ्यांच्या कल्पनेवर उभी आहेत, आणि आपला श्रोता शोधतो तो राग. मेख इथेच आहे, आणि तिच्यावर उपाय आहे.

प्रथम नावांचे प्रमाणीकरण करावे. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी माणसे आहेत. आदर मनात ठेवून टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या गायक-आल्बमच्या नोंदीत, उपाधी गाळावी, किंवा सर्वत्र एकाच रूपात लिहावी. एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो फाइलींचे टॅग एकदम बदलता येतात. ‘आल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात मुख्य गायक किंवा वादक लिहावा. तबला आणि हार्मोनियमची साथ ‘कॉमेंट’मध्ये नोंदवावी. साथीदारांची नावे ‘आल्बम आर्टिस्ट’मध्ये घातली, तर एकच मैफल अनेक नावांखाली तुकड्यांनी विखुरते.

मग शीर्षकाचा साचा ठरवावा: राग, आडवी रेघ, प्रकार, ताल. उदाहरणार्थ, ‘यमन – बडा ख्याल, विलंबित एकताल’. असे एकदा झाले, की कोडीच्या स्मार्ट प्लेलिस्टमध्ये ‘शीर्षकात अमुक असावे’ असा नियम लिहून संग्रहातला सगळा यमन, गायक कोणीही असो, एका यादीत येतो. सकाळच्या रागांची यादी करताना मात्र एक खुबी लक्षात ठेवावी. नियमात नुसते ‘भैरव’ लिहिले, तर ‘भैरवी’ही येते, कारण अक्षरांच्या दृष्टीने भैरवीच्या पोटात भैरव आहेच. म्हणून नियमात रागाच्या नावापुढची जागा आणि आडवी रेघही लिहावी, ‘भैरव –’ अशी. मग भैरवी बाहेर राहते आणि अहीर भैरव, नट भैरव आत येतात, जे सकाळच्या यादीत हवेच आहेत. ‘जॉनर’च्या रकान्यात ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग असे आपले प्रकार लिहावेत; सीडीच्या माहितीसोबत आपोआप येणारा ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द सरळ काढून टाकावा. गाण्यांमधला क्रॉसफेड, म्हणजे एक गाणे विरत असतानाच दुसरे सुरू होणे, शून्यावर ठेवावा, नाहीतर सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे असतील, तर सम येता येताच आवाज विरतो.

कॅसेटवरून घेताना टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, संगणकाच्या मायक्रोफोनच्या जॅकऐवजी लाइन-इनला जोडावे, आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी सर्वोच्च ठिकाणी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागतात. घाईचा मार्ग नाही, पण ऐकत बसायला मिळते. साठवण फ्लॅक या फाइल-प्रकारात करावी. त्यात आवाजाचा कण कमी होत नाही आणि जागा मूळ आकाराच्या साधारण निम्मी लागते. खरखर काढण्याचा मोह आवरावा, कारण तिच्याबरोबर तंबोऱ्याचा वरचा झंकारही जातो.

देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

कोडीच्या नेहमीच्या टंकात देवनागरी नसते. इंटरफेस, स्किन, फॉन्ट्स या क्रमाने जाऊन ‘एरियल बेस्ड’ निवडावे. मराठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये, जतन केलेली असावी. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व टंकात टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

घरातल्या आजी-आजोबांना हे कसे जमावे?

या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर बाकीची सगळी मांडणी व्यर्थ आहे, असे मी मानतो. कीबोर्ड आणि माउस युनिटच्या खणात ठेवावेत आणि हॉलमध्ये एकच छोटा रिमोट असावा. साध्या पीसीमध्ये एचडीएमआय-सीईसी नसते, म्हणून टीव्हीच्या रिमोटने चालवायचे असेल तर यूएसबी-सीईसी ॲडॉप्टर घ्यावा लागतो. नाहीतर डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या तुकड्यावर, चालणारा स्वतंत्र रिमोट मिळतो. त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात लावला तर बटणे मधूनच दाद देत नाहीत, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो. हातभर एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल युनिटच्या पुढच्या कडेला आणावा.

रिमोटवर लागणारी बटणे थोडकी आहेत: चार दिशा, ओके, मागे आणि आवाज. ‘मागे’च्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावावा, चश्मा हाताशी नसतानाही तो दिसतो, आणि वाट चुकली की तेच बटण दाबत राहायचे, एवढे सांगितले की पुरते. कोडीच्या मुख्य पानावरचे हवामान, ॲड-ऑन, गेम असे नको ते सगळे स्किनच्या (पडद्याच्या मांडणीच्या) सेटिंगमधून बंद करून ‘फेव्हरिट्स’मध्ये मोजक्या गोष्टी ठेवाव्यात: ‘सकाळचे राग’, ‘लग्ने आणि मुंजी’, ‘नातवंडे’, ‘नाटके’. मग रिमोट आजींच्या हाती द्यावा, शेजारी बसावे आणि काहीही न सांगता पाहावे. त्या जिथे थबकतील तिथे मांडणी बदलावी. त्यांना समजावत बसू नये.

वाय-फायवर व्हिडिओ थांबत थांबत का चालतो?

राउटर आतल्या खोलीत आणि संगणक हॉलमध्ये असेल, तर मधल्या आरसीसीच्या भिंतीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल क्षीण होतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत तर अधिकच. हॉलमधला संगणक न हलणारा असल्याने त्याला कॅट ६ केबलच ओढावी. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत की गिगाबिट, तेही पाहावे, कारण ४के ब्लू-रेचा प्रवाह १०० च्या वर जाऊ शकतो.

परदेशातल्या मुलांना घरचा संग्रह दाखवता येईल का?

येतो, परंतु राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा जुना मार्ग अनेक इंटरनेट जोडण्यांवर चालत नाही, कारण कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. दूरची उपकरणे खासगी जाळ्यात जोडणारे टेलस्केलसारखे सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या उपकरणांवर बसवून त्यातून जेलीफिन उघडावे. त्यात संग्रह जगासमोर उघडा पडत नाही, हा अधिकचा लाभ.

वीज जाते तेव्हा आणि वळवाच्या पावसात काय काळजी घ्यावी?

पुण्यात देखभालीच्या कामासाठी अनेक भागांत गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, ती निदान सांगून जाते. धोका न सांगता जाणाऱ्या विजेचा असतो. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या त्या क्षणात काही संगणक पुन्हा सुरू होतात, म्हणून डिस्क जोडलेल्या संगणकाला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असावाच. संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असे समजून इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि तोपर्यंत एचडीएमआय केबल चालू स्थितीत काढू-घालू नये. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडू लागल्या, की प्लग तर काढावाच, शिवाय डिशची किंवा केबलची वायर आणि लॅनची केबलही काढावी. वीज त्या वाटेनेही आत शिरते, आणि टीव्ही व संगणक एचडीएमआयने जोडलेले असल्याने दोन्ही एकदम जातात.

बॅकअप खरेच इतका आवश्यक आहे का?

हो. हॉलमधली डिस्क हा संग्रह वापरण्याची जागा आहे, जपण्याची नव्हे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागून जुन्या चित्रपटांची रिळे कायमची गेली. त्या फिल्मची दुसरी प्रत काढणे खर्चाचे आणि जिकिरीचे होते. घरच्या डिजिटल फाइलची प्रत काढायला एक संध्याकाळ पुरते. तीन प्रती असाव्यात: एक हॉलमध्ये, दुसरी कपाटातल्या यूएसबी हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात, जसे बहिणीकडे किंवा गावी. कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी घेऊ नये. दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास त्यातली माहिती पुसट होऊ शकते. कपाटातली डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावी आणि वर्षातून किमान एकदा चालवून काही फाइली उघडून पाहाव्यात.

विकत घेतलेल्या डीव्हीडीची प्रत संगणकावर ठेवणे कायदेशीर आहे का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या न्याय्य व्यवहाराला मुभा आहे. दुसरीकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते. म्हणून स्वतःच्या डीव्हीडीची प्रत स्वतःच्या घरात पाहण्यापुरतीच ठेवावी, ती पेन ड्राइव्हवर वाटू नये, आणि डीव्हीडी विकली किंवा कुणाला दिली तर प्रतही पुसावी. सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रोजेक्टर लावून तोच चित्रपट दाखवणे मात्र घरगुती पाहणे ठरत नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी संगणक मागितला, तर त्यांना हे सांगूनच तो द्यावा.